पदर भारी, साडी साधी : ब्रसेल्सचे सहा दिवस

“कसं होतं ब्रसेल्स?” असं कोणी विचारलं की मी “बरं होतं” म्हणते. आमच्या नागपुरात लग्नाच्या जेवणाला कोणी “बरं होतं” म्हटलं की ऐकणारा समजून घेतो आणि पुढे विचारत नाही. पण दुकानात येणाऱ्या बायका तेवढ्यावर सोडत नाहीत. ब्लाउजचं माप देता देता विचारतात, “काकू, एकट्याच गेल्या होत्या म्हणे युरोपात? पॅरिस पाहिलं का?” नाही बाई, पॅरिस नाही पाहिलं. ब्रसेल्स पाहिलं, सहा दिवस, तेवढं एकच शहर. मग त्यांचा चेहरा पडतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. ज्यांना जायचं असेल त्यांनी वाचून ठरवावं.

मी गोकुळपेठेत सव्वीस वर्षं लेडीज टेलरिंग करते. ब्रसेल्स निवडलं त्याचं कारणही दुकानातलंच. धंदा नवा होता तेव्हा मोहननगरच्या एक बाई मुलीच्या लग्नासाठी आजीचा व्हेल, म्हणजे नवरीनं डोक्यावरून घ्यायची झिरझिरीत ओढणी, घेऊन आल्या होत्या. सायीच्या रंगाची जाळी, त्यावर पानंफुलं, आणि वजन म्हणाल तर हातावर काही ठेवलंय असं वाटेना. एका कडेला उसवला होता, तेवढा दुरुस्त करून द्यायचा होता. त्या म्हणाल्या, “ब्रसेल्स लेस आहे, सांभाळून.” मी त्यात सुई घालायला इतकी घाबरले की शेवटी कडेला नुसता कच्चा टाका घातला आणि पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून हे नाव डोक्यात बसलं होतं. बाकीच्यांच्या मनात ताजमहाल, स्वित्झर्लंड असतं. माझ्या मनात एक उसवलेली कड होती.

आमचे हे यायला तयार नव्हते. “जिथं वरणभात नाही तिथं मी नाही,” हे त्यांचं जुनं धोरण. पुण्याच्या मुलीनं तिकीट, हॉटेल, इन्शुरन्स सगळं जमवून दिलं. व्हिसाची फी ९० युरो, इन्शुरन्स निदान ३० हजार युरोंचा हवा, आणि बँकेचे कागद एवढे की आमच्या दुकानाच्या हिशेबाची वही पहिल्यांदा कोणीतरी इतक्या प्रेमानं वाचली असेल. युरोचे शंभर रुपये धरायचे, हिशेबाला सोपं जातं आणि छातीत धस्स होतं. जायचं मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, चुकतो. नागपूरहून दोहा, दोह्याहून ब्रसेल्स. मुंबई-दिल्लीला जायची गरज पडली नाही, ही या सगळ्या प्रवासातली सगळ्यात सुखाची गोष्ट.

आता शहर.

साडीच्या दुकानात सेल्समन आधी पदर उघडतो. पूर्ण थान उलगडत नाही. ब्रसेल्सचा पदर म्हणजे ग्रां प्लास हा चौक. मी शनिवारी दुपारी बॅग हॉटेलात टाकून तडक तिथं गेले आणि खरंच सांगते, गल्लीतून चौकात पाऊल टाकलं तेव्हा तोंडातून “अगं बाई” निघालं. चारी बाजूंनी सोन्यानं मढवलेल्या उंच चिंचोळ्या इमारती, अंगाला अंग लावून उभ्या. १६९५ च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या फौजेनं तोफा डागून हा चौक जाळला होता. टाउन हॉलचा मनोरा तेवढा टिकला. बाकी घरं तिथल्या व्यापारी-कारागिरांच्या संघांनी थोड्या वर्षांत पुन्हा बांधली, आधीपेक्षा नटवून. बेकरीवाल्यांचं वेगळं, बिअर बनवणाऱ्यांचं वेगळं, खाटकांचं वेगळं. आणि २४-२५ नंबरचं घर शिंप्यांचं! दारावर संत बार्बराचा अर्धपुतळा आहे, ती तिथल्या शिंप्यांची रक्षणकर्ती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून नमस्कार केला. एक जपानी जोडपं माझा फोटो काढून गेलं.

टाउन हॉलचा मनोरा मात्र मधोमध नाही. डावा भाग लांब, उजवा आखूड. ब्लाउजचा पुढचा भाग कापताना घडी सरकली की असंच होतं. हे पाहून वास्तुकारानं मनोऱ्यावरून उडी मारली अशी गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती खोटी आहे. उजवी बाजू नंतर बांधली आणि तिला जागा कमी मिळाली, एवढंच. चुकीच्या कापाला आम्ही पण अशाच गोष्टी जोडतो.

त्या चौकात मी सहा दिवसांत पाच वेळा गेले. रात्री साडेनऊनंतर उजेड जातो आणि दिवे लागतात, तेव्हा जमिनीवर बसावं. कोणी उठवत नाही. एवढ्यासाठी पूर्ण मार्क.

पण पदराखाली साडी असते ना! चौकातून कुठल्याही गल्लीनं दहा मिनिटं चाला की वाफलची दुकानं, चॉकलेटची दुकानं, फ्रिजवर चिकटवायच्या वस्तूंची दुकानं, पुन्हा वाफल. मग एकदम काचेची ऑफिसं, त्यांच्या शेजारी एखादं सुरेख जुनं घर, त्याला लागून सिमेंटचा ठोकळा. काहीच्या काही जोडलंय. शहराच्या या प्रदेशात १९ वेगवेगळ्या नगरपालिका आहेत. प्रत्येकाचा टेप वेगळा, प्रत्येकाची शिवण वेगळी.

माझं हॉटेल मिदी स्टेशनजवळ होतं. चौथा मजला, लिफ्ट बंद, रिसेप्शनवरच्या पोरानं तीन दिवस “उद्या” म्हटलं. असं “उद्या” मीही गिऱ्हाइकाला म्हणते, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. स्टेशनच्या परिसरात पर्स पोटाशी धरून चालावं, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. मला काही झालं नाही. दोन रात्री जरा भीती वाटली, तिसऱ्या दिवशी वाटलं की सीताबर्डीच्या गर्दीपेक्षा वेगळं काय आहे.

पहिल्या दिवशी मी चुकले ते नावामुळे. विमानतळावरून गाडीत बसले. मला ब्रुसेल-मिदीला उतरायचं होतं आणि पाटीवर आलं ब्रुसेल-झाउद. मी बसूनच राहिले. दारं बंद व्हायच्या बेतात आली तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि अक्षरशः ढकलून उतरवलं. मिदी हे फ्रेंच, झाउद हे डच. दोन्हीचा अर्थ दक्षिण. तिथं प्रत्येक रस्त्याला, प्रत्येक स्टेशनला दोन नावं. कागदावर दोन्ही भाषा बरोबरीच्या, ऐकू येते ती मात्र बहुतेक फ्रेंच. दोघांचं एकमेकांशी फारसं गोड नाही असं दिसलं. मला नवल वाटलं, कारण आमच्याकडे मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत कधी संपतं ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी दोन्ही मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, तो गुण अजून गेलेला नाही. ब्रसेल्समध्ये दोन भाषा पाटीवर शेजारी आहेत, पण मला त्या घटस्फोटाची तारीख लागलेल्या जोडप्यासारख्या वाटल्या. हे माझं मत. सहा दिवसांचं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

रविवारी युरोपियन युनियनच्या भागात गेले. ती चूक होती. सुट्टीच्या दिवशी तिथं चिटपाखरू नसतं. काचेच्या भिंती, झेंडे, आणि वाऱ्यानं उडणारा एक कागदी कप. संसदेची माहिती देणारं संग्रहालय फुकट आहे, ते दुपारी पाहिलं. तिथं समजलं की ही संसद ब्रसेल्समध्येही बसते आणि वर्षातून बारा वेळा फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गलाही जाते. सदस्य, कर्मचारी, कागदाच्या पेट्या, सगळं तिकडे, मग परत इकडे. खर्चावरून दर वर्षी ओरड होते, बंद काही होत नाही. बाप्पा, हे तर आमचं हिवाळी अधिवेशन! मुंबईहून ट्रकनं फायली येतात, सिव्हिल लाइन्सला रंग मारतात, रविभवन गजबजतं, आणि दोन आठवड्यांत सगळं गुंडाळून परत. त्या रिकाम्या चौकात मला जानेवारीतलं सिव्हिल लाइन्स आठवलं. अख्ख्या युरोपच्या राजधानीत घरची आठवण आली ती अशी.

मॅनेकन पिसबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण लोक त्याच्यासाठी जातात आणि रागावून परत येतात. तो शू करणारा छोटा पोरगा. उंची साधारण ५५ सेंटिमीटर, माझ्या टेपवर बावीस इंच. म्हणजे दोन महिन्यांचं बाळ. गल्लीच्या कोपऱ्यात जाळीमागे उभा आहे आणि समोर दीडशे माणसं फोन वर करून. मूळ ब्राँझची मूर्ती १६१९ ची, पण कोपऱ्यावर आहे ती नक्कल. अस्सल मूर्ती ग्रां प्लासवरच्या संग्रहालयात. “एवढंच?” असं माझ्या शेजारी कोणीतरी हिंदीत म्हणालंच. शिवाय तो चारशे वर्षं भर रस्त्यात फुकट करतोय आणि आपल्याला त्याच कामाला पन्नास सेंट ते एक युरो मोजावे लागतात. सुटे पैसे खिशात ठेवा, हा सल्ला गमतीचा नाही.

पण त्याच्या मागच्याच रस्त्यावर त्याच्या कपड्यांचं संग्रहालय आहे. २०१७ साली उघडलं. तिथं जा. मी तर म्हणते मूर्ती नाही पाहिली तरी चालेल, कपडे पाहा. त्याला आजवर हजाराहून जास्त पोशाख मिळालेत, देशोदेशींचे. १७४७ मध्ये फ्रेंच सैनिकांनी मूर्ती पळवायचा प्रयत्न केला, तेव्हा पंधराव्या लुईनं भरपाई म्हणून जरीचा पोशाख दिला. तो अजून जपलाय. मी काचेला नाक लावून एकच गोष्ट पाहत होते : बाही कशी बसवली असेल? मूर्तीचे हात हलत नाहीत, एक हात तर कायम कामात. म्हणजे मागून उघडं ठेवून, बाहीची शिवण सोडून, वरून बंद लावायला हवेत. आणि पुढे ‘ती’ जागाही सोडायची. आमच्याकडे गोकुळाष्टमीला बाळकृष्णाची झबली शिवायला येतात, रांगत्या कृष्णाचा लोण्याचा हात असाच आडवा येतो. मी मागून नाडी देते. तिथंही बऱ्याच पोशाखांची पाठ पाहायला मिळाली असती तर जिवाला बरं वाटलं असतं, पण सगळे समोरून मांडलेले. कपडा मांडणाऱ्यांना उलटी बाजू दाखवायचं सुचत नाही, हे जगभर सारखं दिसतंय.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. हे मला माहीत नव्हतं. लेसच्या संग्रहालयाच्या दाराशी मी सकाळी दहाला छत्री घेऊन उभी, आणि दार बंद. ज्याच्यासाठी सात हजार किलोमीटर आले त्याच्या दाराशी. मग काय, मेट्रोनं ॲटोमियमला गेले. मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवलं की काम होतं आणि दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. ही सोय मला फार आवडली. ॲटोमियम म्हणजे लोखंडाच्या स्फटिकाचा नमुना, १६५ अब्ज पट मोठा केलेला. नऊ गोळे, उंची १०२ मीटर, १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला. बाहेरून झकास. आत दीड हजार रुपयांच्या वर तिकीट काढून सरकते जिने चढायचे आणि ढग पाहायचे. मला ढगच दिसले. २००६ मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा उघडला, तेव्हा गोळ्यांवरचे जुने ॲल्युमिनियमचे पत्रे लोकांना आठवण म्हणून विकले होते म्हणे. जुन्या शालूची जर सोनाराला विकतात तशातली गत. बाहेरून फोटो काढा आणि परत या.

खाण्यापिण्याचं आता सांगते, कारण इथे माझा घात झाला.

मी मटण खाते, सावजी खाते, पण काही गोष्टी आमच्यात चालत नाहीत. बटाट्याच्या फ्राइजमध्ये काय धोका असणार! पहिल्या संध्याकाळी एका टपरीवर विचारलं, “व्हेजिटेरियन?” पोरगा म्हणाला, “येस मॅडम, पोटॅटो.” कागदी कोनात गरम गरम, बाहेरून कुरकुरीत, आत लोणी. मी दोन खाल्ले. सोमवारी रात्री हॉटेलजवळच्या छोट्या दुकानात दही घ्यायला गेले. ही उशिरापर्यंत उघडी असणारी दुकानं बरीचशी आपल्याकडच्या लोकांची आहेत. गल्ल्यावरचे पंजाबी भाईसाहेब जालंधरचे निघाले. मी फ्राइजचं कौतुक केलं तर ते गप्प झाले, मग हळूच म्हणाले, “बहनजी, तेल पूछा था?” बेल्जियमची खरी जुनी पद्धत म्हणजे बटाटे दोनदा तळायचे, आणि ते गाईबैलाच्या चरबीत. सगळीकडे नाही, पुष्कळ ठिकाणी आता साधं तेल वापरतात. पण मी बटाट्याचं विचारलं होतं, तेलाचं नव्हतं. त्या रात्री मी झोपले नाही. देवापाशी जे बोलायचं ते बोलले. यांना फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, “काहून गेली होतीस मंग तिथं?” आणि मग थोडं थांबून, “पण लागले कसे?” चांगले लागले होते, तेच तर दुःख.

तर जाणाऱ्यांनी दुकानदाराला “ह्वील वेजेताल?” असं विचारावं. मान हलली तरच घ्यावं.

हॉटेलात बसलं की पाणी विकत. साधं नळाचं पाणी मागितलं की असं पाहतात जणू त्यांची विहीर मागितली. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोया लावणाऱ्या गावची मी. हे काही पचलं नाही. वाफलमध्ये दोन जाती. ब्रसेल्सचा चौकोनी, हलका, फुसका. लिएजचा जाड, ओबडधोबड, आत साखरेचे खडे वितळून बाहेरून पाकासारखे जमलेले. दुसरा घ्या, नुसता घ्या. वर क्रीम आणि स्ट्रॉबेरीचा ढीग फक्त फोटोसाठी असतो. चॉकलेट उत्तम. सारण भरलेलं चॉकलेट, ज्याला ते प्रालीन म्हणतात, ते १९१२ मध्ये तिथल्याच एका दुकानात सुरू झालं आणि त्या घराण्याचा मूळ धंदा औषधांचा होता. कडू गोळ्यांवर चॉकलेट चढवून द्यायचे. ते दुकान ज्या काचेच्या छताच्या बाजारपेठेत आहे ती १८४७ ची, पावसात फिरायला सगळ्यात चांगली जागा. सकाळी मात्र तर्रीपोह्याशिवाय माझे हाल झाले. क्रॉसाँवर पातळ भाजी ओतायची नसते, एवढंच सांगते.

बुधवारी ४४ नंबरची ट्राम धरून तेर्व्हुरेनला गेले. झाडांच्या बोगद्यातून, जंगलाच्या कडेनं जाणारी ही ट्राम स्वतःच पाहण्यासारखी. शेवटच्या थांब्यावर आफ्रिकेचं मोठं संग्रहालय आहे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानं १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगो देश स्वतःच्या खाजगी मालकीचा ठेवला होता. देशाचा नाही, स्वतःचा. रबर आणि हस्तिदंतासाठी तिथल्या माणसांचे काय हाल केले ते आता भिंतीवर लिहिलंय. १८९७ साली याच बागेत २६७ काँगोली माणसांना आणून प्रदर्शनात ठेवलं होतं, सात जण मेले. गावच्या चर्चपाशी त्यांच्या कबरी आहेत. आतल्या गोल दालनात जुने पुतळे आहेत, गोरा माणूस काळ्या माणसावर उपकार करतोय असे. संरक्षित वारसा म्हणून ते काढता येत नाहीत, तर त्यांच्यासमोर आता आरपार दिसणारे छापील पडदे टांगलेत. कापडाचा असा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला. पडद्यातून पुतळा दिसतो, पण पडद्यावरचं चित्र पाहिल्याशिवाय नाही.

तिथल्या बाकावर बसून मला नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा वाडा आठवला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी मुलाशिवाय गेले, डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि वाड्यातले दागदागिने कलकत्त्याला नेऊन लिलावात विकले. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून आपल्या सरकारनं पैसे मोजून परत आणली, तेव्हा दुकानात सगळ्या पोरी मोबाइलवर पाहत होत्या. आपलीच वस्तू, आपणच विकत घ्यायची. ब्रसेल्समधली ती रुंद कमान, त्या मोठाल्या बागा, ज्यांच्यासाठी लिओपोल्डला तिथे ‘बांधणारा राजा’ म्हणतात, त्या परत जाताना पाहिल्या तेव्हा त्यांची उलटी बाजू दिसायला लागली होती.

लेसचं संग्रहालय शेवटी मंगळवारी पाहिलं. व्हायोलेट रस्त्यावर, ग्रां प्लासच्या मागेच. लेसपेक्षा फॅशनचं प्रदर्शन जास्त, म्हणून थोडी निराशा. पण जेवढी लेस होती तिच्यासमोर मी दोन तास होते. माझ्या डोक्यात बॉबिन म्हणजे मशीनखालची पत्र्याची चकती. इथं बॉबिन म्हणजे लाकडाच्या बारीक काड्या, धागा गुंडाळलेल्या, जोडीजोडीनं. उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि त्या टाचण्यांभोवती काड्यांची अदलाबदल. वेणी घालावी तसं, पण एकाच वेळी पन्नास वेण्या. ब्रसेल्सची खासियत ही की पूर्ण तुकडा एकीनं करायचा नाही. फुलं एक बाई करणार, जाळी दुसरी, आणि दोन्ही जोडणारी तिसरी. जोड दिसता कामा नये. माझ्या दुकानात काजं एक करते, हुक दुसरी लावते, हातशिलाई तिसरी. मला लगेच त्या बायका ओळखीच्या वाटल्या. १६६२ मध्ये इंग्लंडनं परदेशी लेस आणायला बंदी केली, तर व्यापाऱ्यांनी हीच लेस चोरून नेली आणि ‘इंग्लंडचा टाका’ म्हणून विकली. नाव गेलं इंग्लंडचं, डोळे गेले फ्लेमिश बायकांचे.

डोळे गेले हे खरंच. या लेसचा अळशीच्या खोडाचा धागा इतका बारीक असायचा की कोरड्या हवेत तुटायचा. म्हणून तो तळघरात, ओलीत, अंधारात कातायचे आणि फटीतून येणारा उजेड धाग्यावर पाडायचे. हे समजलं तेव्हा मी चार दिवस ज्या भुरभुर पावसाला शिव्या घालत होते त्याच्याबद्दल जरा गप्प झाले. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ ची ती मिल, आता नाही. ते सांगायचे, उन्हाळ्यात खात्यात पाण्याचा फवारा सोडावा लागायचा, नाहीतर सूत टिकत नाही. नागपूरच्या मेमध्ये ब्रसेल्सचा धागा एक इंचही निघाला नसता. आमच्याकडे करवतकाठी साडी होते, ती तिकडे झाली नसती.

चौकातल्या दुकानांत जी ‘अस्सल ब्रसेल्स लेस’ टांगलेली असते ती बहुतेक मशीनची. मी सोबत भिंग नेलं होतं. मशीनच्या लेसचा प्रत्येक टाका दुसऱ्यासारखा असतो आणि कडेला कापलेल्या धाग्याचा केसाळपणा दिसतो. तीन दुकानांत पाहिलं, चौथ्या दुकानातल्या बाईनं भिंग पाहून स्वतःच सांगितलं, “मशीन, मादाम.” प्रामाणिक होती.

ब्रसेल्सची नदी कुठे आहे, हे मी रोज कोणाला तरी विचारत होते. उत्तर : पायाखाली. सेन नावाची नदी १८६७ ते १८७१ या काळात त्यांनी बुजवून टाकली. घाण, पूर, त्यात १८६६ चा कॉलरा. वर कमानी बांधल्या, त्यावर रुंद रस्ते आणि दुकानं. शहराच्या नावाचा मूळ अर्थच दलदलीतलं घर, आणि दलदल गायब. हसायला मला तोंड नाही. आमच्या शहराचं नाव ज्या नाग नदीवरून पडलं तिला पोरं नाग नाला म्हणतात. त्यांनी झाकली, आपण उघडी ठेवली.

गुरुवारी सकाळी न्यायमहालाकडे गेले. १८६६ ते १८८३ इतकी वर्षं बांधकाम चाललं, इमारत राक्षसी, आणि तिच्याभोवतीची परांची १९८० च्या दशकापासून उभी होती. चाळीस वर्षं! परांचीचीच दुरुस्ती करायची वेळ आली. मी फार वेळ कौतुकानं पाहत राहिले. वर्धा रोडवर पूल बांधत होते तेव्हा आपण उगाच बोंबललो असं वाटलं. या इमारतीसाठी खालच्या गरीब वस्तीतली घरं पाडली होती. लोक इतके चिडले की तिथल्या बोलीत ‘वाकडा आर्किटेक्ट’ ही शिवी झाली. काचेची लिफ्ट त्या वस्तीत, मारोलमध्ये, उतरवते. आणि तिथल्या चौकात रोज सकाळी जुना बाजार भरतो. आपल्या रविवारच्या जुन्या बाजारासारखाच, दगडी फरशीवर चादरी अंथरून : फुटके झुंबर, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो, चमचे, टेलिफोन, बाहुलीचं डोकं.

सहा दिवसांत मला शहर आवडलं ते एवढ्या दोन तासांत. एका म्हातारीच्या चादरीवर बिस्किटाच्या डब्यात लेसचे तुकडे होते. मी भिंग काढलं, तिनं स्वतःचं भिंग काढून मला दिलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. भाषा शून्य. तिनं एक कॉलर उचलली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. उलटी! पाठ दाखवली बाईनं. फुलं हातची होती, टाके थोडे कमीजास्त. जाळी मशीनची, आणि फुलं त्या जाळीवर टाचून बसवलेली. एकोणिसाव्या शतकात असं करायला लागले, संग्रहालयात तेच पाहिलं होतं. ती म्हणाली वीस, मी दहा बोटं दाखवली, तिनं माझ्या अंगावरच्या कुर्त्याची शिलाई पाहिली, शिवण चिमटीत धरली, मान डोलावली आणि पंधरा घेतले.

पाचपैकी किती म्हणाल तर अडीच. ग्रां प्लास आणि ती म्हातारी यांचा मिळून अर्धा वाढवते, तीन. सहा दिवस फार झाले. तीन पुरतात, आणि त्यात सोमवार येऊ देऊ नका. एकट्या बाईला त्रास काही नाही. कोणी तुमच्याकडे पाहत नाही, त्यात सुख आहे आणि चौथ्या दिवशी थोडं दुःखही. मॅग्रित या चित्रकाराचं संग्रहालय वेळ उरला तर. मुलीला घेऊन पुन्हा जाशील का असं विचाराल, तर मुलीनं दुसरं शहर काढलं तर बरं.

नागपूरला उतरले तेव्हा पहाट होती आणि तरी अंगाला वाफ लागली. चॉकलेट दुपारी दुकानात नेईपर्यंत त्याचा लगदा झाला, पोरींनी पोळीला लावून खाल्लं. मग मी कॉलर काढली, टिश्यू पेपर बाजूला केला आणि काउंटरवर ठेवली. काजं करणारी आमची पोरगी जवळ आली, बोट फिरवलं, उलटी करून पाहिली.

“छान आहे काकू,” ती म्हणाली. “इतवारीत साठ रुपये मीटर मिळते अशी. आणू का?”